परवडणारी गिटार, जुना सूर आणि जपायचे कान

गाणे ऐकताना बहुतेकांचे लक्ष गायकाकडे असते. बेस गिटारकडे ते गेलेच तर सर्वांत शेवटी. पण हे वाद्य मध्येच थांबले, की गाण्याखालची जमीन सरकल्यासारखे वाटते. १९६० च्या दशकातल्या ध्वनिमुद्रिकांत ऐकू येणारा तिचा गोलसर, भरदार आणि किंचित दबका सूर आजही अनेकांना ओढ लावतो. कॉलेजात जाणारी मुले तो मोबाइलवर ऐकतात आणि 'तसाच आवाज हवा' म्हणून घरी हट्ट धरतात. निवृत्तीच्या जवळ आलेले काही जण राहून गेलेला छंद म्हणून याच वाद्याकडे वळतात. मग किमतीचा शोध सुरू होतो. नामवंत अमेरिकी कंपनीची नवी गिटार लाखाच्या वर जाते आणि साठच्या दशकातल्या मूळ गिटारचे मोल तर संग्राहकांनाच परवडते.

विज्ञान मात्र वेगळे सांगते. त्या जुन्या सुराचा मोठा भाग लाकडात किंवा नावात नसून तारेत, पिकअपच्या जागेत आणि बोटांत असतो. त्यामुळे वीस हजारांच्या आतबाहेर मिळणाऱ्या गिटारवरही त्याच्या बरेच जवळ जाता येते. मात्र या छंदात मनगट, कान आणि क्वचित प्रसंगी जीवही पणाला लागू शकतो. दुकानदार हे सांगत नाही, म्हणून दोन्ही बाजू एकत्र समजून घ्यायला हव्यात.

रेडिओ दुरुस्तीवाल्याचे वाद्य

पूर्वी वाद्यवृंदात खर्जाची बाजू डबल बेस सांभाळत असे. माणसाहून उंच असलेले हे वाद्य प्रवासात नेणे जिकिरीचे होते आणि ड्रम्सच्या गलक्यात ते ऐकूही येत नसे. कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवलेल्या लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये यावर उपाय काढला. खांद्यावर अडकवता येणारी, चार तारांची, विजेवर आवाज वाढवता येणारी ही गिटार. सतारीसारखे पडदे तिला होते, पण ते मानेत पक्के बसवलेले. त्यामुळे स्वर नेमका लागे, म्हणून तिचे नाव 'प्रिसिजन' ठेवले गेले. १९५७ मध्ये तिचा पिकअप दोन तुकड्यांत विभागला गेला आणि तेव्हापासून रचना जवळपास तीच आहे: चार तारा, एक पिकअप, दोन बटणे.

हा साधेपणा ग्राहकाच्या फायद्याचा आहे. ज्या यंत्रात भाग कमी, त्याची स्वस्त आवृत्ती मूळ यंत्राच्या जवळ जाणे सोपे. फेंडर कंपनीने स्वतःच १९८२ पासून 'स्क्वायर' या नावाने कमी किमतीच्या गिटारी आणल्या आणि इतर अनेक कंपन्याही याच नमुन्यावर गिटारी बनवतात.

स्वस्त वाद्य म्हणजे कमअस्सल, हा समज इतिहासानेही खोडून काढला आहे. १९६१ मध्ये हॅम्बर्गमध्ये असताना पॉल मॅकार्टनी यांना शंभर पौंडांच्या आसपासची फेंडर परवडत नव्हती. त्यांनी तीस पौंडांच्या आसपास मिळणारी, व्हायोलिनच्या आकाराची जर्मन हॉफनर घेतली. पुढे बीटल्सच्या गाण्यांतून तोच आवाज जगभर गेला आणि ती नाइलाजाची खरेदी अभिजात ठरली.

सूर नेमका कुठून येतो?

बेस गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. साध्या गिटारची सर्वांत खालची तार ८२ वेळा. तारेचा स्वर तीन गोष्टींवर ठरतो: लांबी, ताण आणि वजन. लांबी आणि ताण तेवढाच ठेवून कंपने निम्म्यावर आणायची, तर तारेचे वजन चौपट करावे लागते. साधी पोलादी तार इतकी जाड केली तर ती सळईसारखी ताठ होईल. म्हणून पातळ पोलादी गाभ्यावर दुसरी तार गुंडाळतात. गुंडाळलेली तार गोल असेल तर आवाज झणझणीत येतो आणि बराच वेळ टिकतो. ती पट्टीसारखी चपटी असेल, तर वरचे स्वरांश लवकर विरतात आणि आवाज गोल, बुटका येतो. पन्नास-साठच्या दशकांत बेसवर चपट्या तारा सर्रास असत. जुन्या सुराचे पहिले आणि सर्वांत मोठे रहस्य हेच.

तारेखाली पिकअप असतो. त्यात चुंबक असतात आणि त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार चुंबकीय क्षेत्रात हलली, की वेढ्यांत सूक्ष्म वीज निर्माण होते. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये मांडलेले हेच ते विद्युतचुंबकीय प्रवर्तन. घरातल्या वायरिंगमधून येणारी ५० हर्ट्झची गुणगुणही पिकअप पकडतो. ती बेसच्या खालच्या एका स्वराला जवळजवळ चिकटून असल्याने फारच खटकते. प्रिसिजनच्या पिकअपचे दोन तुकडे एकमेकांच्या उलट जोडलेले असतात. त्यामुळे तारेचा संकेत टिकतो आणि गुणगुण एकमेकींना खोडते. म्हणूनच भारतातल्या जुन्या इमारतींमधील वायरिंगचा विचार करता नवशिक्यासाठी हा नमुना सोयीचा.

यापुढची गोष्ट अधिक नवलाची आहे. मोबाइलचा इवलासा स्पीकर ४१ हर्ट्झचा स्वर जवळपास वाजवूच शकत नाही. तरीही खालचा स्वर ऐकू आल्यासारखा वाटतो, कारण ८२, १२३, १६४ अशी त्याची पटींतली कंपने कानात पोहोचतात आणि त्यांच्या अंतरावरून मूळ स्वर कोणता हे मेंदू ताडतो. म्हणजे बेसचा 'खर्ज' काही अंशी मेंदूतच तयार होतो. चांगल्या सुरासाठी केवळ खालचा घुमारा वाढवून चालत नाही. मधले स्वरांशही नीट यावे लागतात. ही बाब कानांच्या आरोग्याशीही जोडलेली आहे.

जुनी तार, एक बोट

या सुराचे सर्वांत अभ्यासले गेलेले उदाहरण म्हणजे डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचे वादक जेम्स जेमरसन. मुळात डबल बेस वाजवणाऱ्या जेमरसन यांच्या हाती १९६२ ची प्रिसिजन होती. तिच्यावर जाड चपट्या तारा होत्या आणि त्या तुटेपर्यंत ते बदलत नसत, असे सांगितले जाते. घोडीच्या धातूच्या झाकणाखाली फोमचा तुकडा होता. वाजवत ते उजव्या हाताच्या फक्त तर्जनीने. १९८३ मध्ये त्यांचे निधन झाले. मोटाउनच्या सुरुवातीच्या तबकड्यांवर वादकांची नावे छापली जात नसत. त्यामुळे कोट्यवधी लोकांनी त्यांचे वादन नाव न कळताच ऐकले. त्याच काळात लॉस एंजेलिसमध्ये कॅरल के घोडीजवळ फेल्टचा तुकडा लावून, पिकने प्रिसिजन वाजवत असत. दोघांची पद्धत निराळी, पण तारेचा लांबणारा नाद आवरण्याची युक्ती एकच.

तार न बदलण्यामागेही विज्ञान आहे. बोटांवरचा घाम, तेलकटपणा आणि त्वचेचे सूक्ष्म कण वेढ्यांच्या फटीत साचतात. त्यामुळे वरची वेगवान कंपने मावळतात, खालची टिकतात. फोमने स्वर लवकर विझतो, त्यामुळे ड्रमच्या ठोक्याला जागा मिळते आणि चाल स्पष्ट ऐकू येते.

बदल करावेत, पण क्रमाने

दवाखान्यात एकाच वेळी पाच औषधे सुरू केली, तर गुण कशाने आला ते कळत नाही. गिटारचेही तसेच आहे. एका वेळी एकच बदल करावा, आधी आणि नंतरचा आवाज त्याच जागी, त्याच पातळीवर ध्वनिमुद्रित करावा आणि मग निर्णय घ्यावा.

खरेदीच्या वेळी मान सरळ आहे ना, खुंट्या घट्ट आहेत ना, प्रत्येक पडद्यावर स्वर स्वच्छ निघतो का आणि पडद्यांची टोके हाताला बोचत तर नाहीत ना, हे पाहावे. या गोष्टी नंतर दुरुस्त करणे महाग पडते. पिकअप, बटणे आणि तारा नंतरही बदलता येतात.

पहिला खर्च 'सेटअप'वर करावा. चार तारांचा मिळून ताण साधारण ऐंशी किलो वजनाइतका असतो. मानेतील पोलादी दांडा तो तोलून धरतो. पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत आणि मुंबईत, लाकूड ओलावा धरते आणि मानेचा बाक बदलतो. दांडा एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये. बाराव्या पडद्यापाशी तारेची उंची सुमारे दोन ते अडीच मिलिमीटर असेल, तर बहुतेकांच्या बोटांना सोसते.

दुसरा खर्च चपट्या तारांवर. त्या साध्या तारांपेक्षा महाग असतात, पण अनेक वर्षे टिकतात. तिसरा बदल जवळपास फुकट: घोडीजवळ तारांखाली मऊ स्पंजची पट्टी सरकवावी. चौथा पूर्णच फुकट: बोट कुठे लावायचे ते बदलावे. घोडीजवळ छेडले तर आवाज कडक, मानेकडे सरकले तर गोल. टोनचे बटण अर्ध्याच्या खाली आणून पाहावे. पिकअप तारेच्या फार जवळ असेल तर चुंबक तारेलाच ओढतो आणि स्वर डळमळतो. त्याचे स्क्रू थोडे फिरवून तो खाली घ्यावा. एवढ्यावरच अनेकांचा शोध संपतो.

त्यानंतर वायरिंग. जुन्या रचनेत साधारण २५० किलोओहमची बटणे आणि ०.०४७ किंवा ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. कपॅसिटर जितका मोठा, तितका बटण बंद केल्यावर आवाज अधिक दबका. 'त्या काळातला' म्हणून कागद आणि तेलाचे कपॅसिटर चढ्या भावाने विकले जातात. पण या मंडलात महत्त्व मूल्याला आहे. मूल्य तेच असेल, तर काही रुपयांचा साधा कपॅसिटर तेच काम करतो. जेनेरिक औषधाबाबत रुग्णांना जे समजावावे लागते, तेच इथेही लागू पडते. नवा पिकअप हा सर्वांत महाग बदल, म्हणून तो शेवटी.

महाग वस्तूचा आवाज चांगला वाटणे हा मनाचा खोटेपणा नव्हे, तो अपेक्षेचा परिणाम आहे. इंडियानापोलिस येथे २०१० मध्ये २१ व्हायोलिनवादकांना डोळ्यांवर गडद चष्मे लावून जुनी आणि नवी व्हायोलिन वाजवायला दिली गेली. जुन्यांत स्ट्रॅडिव्हेरियसचाही समावेश होता. बहुतेकांनी पसंती नव्या व्हायोलिनला दिली. घरी हाच प्रयोग करणे सोपे आहे: दोन्ही ध्वनिमुद्रणे दुसऱ्या कुणाला तरी न सांगता वाजवायला लावावीत. फरक ओळखता आला नाही, तर ते पैसे वाचले असे समजावे.

मनगट आणि खांदा

बेस गिटारचे वजन साधारण साडेतीन ते पाच किलो असते आणि ते सगळे एका खांद्यावर येते. रुंद पट्टा घ्यावा. बसल्यावर गिटार ज्या उंचीवर असते, तीच उभे राहिल्यावरही राहील अशी पट्ट्याची लांबी ठेवावी. फार खाली लटकवलेली गिटार दिसायला झोकदार, पण त्यात डावे मनगट काटकोनाकडे वाकते. वाकलेल्या मनगटाने बोटे जोरात दाबली, की मनगटाच्या बोगद्यातील मध्यक मज्जातंतूवर दाब वाढतो. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येणे, रात्री हात झटकावासा वाटणे ही त्याची लक्षणे. मधुमेह किंवा थायरॉइडची कमतरता असणाऱ्यांत आणि गरोदरपणात हा त्रास अधिक आढळतो. त्यामुळे पन्नाशीनंतर गिटार हाती घेणाऱ्यांनी जास्त सावध असावे.

इथे जेमरसन यांची नक्कल करू नये. त्यांच्या जाड तारांसाठी डबल बेसने कमावलेला हात लागतो. नवशिक्याने चपट्याच, पण मध्यम जाडीच्या तारा घ्याव्यात. हात लहान असेल तर ३४ इंचांऐवजी ३० इंच तारेची गिटार किंवा अरुंद मानेचा नमुना निवडावा. मॅकार्टनी यांची हॉफनर ३० इंचांचीच आहे. वीस-पंचवीस मिनिटांनंतर पाच मिनिटे हात मोकळे सोडावेत. दुखणे दुसऱ्या दिवशीही राहिले, तर 'सवय होईल' म्हणत सराव रेटू नये. बोटांच्या टोकांना खाज किंवा पुरळ येत असेल, तर तारेतल्या निकेलची ॲलर्जी असू शकते. वेगळ्या धातूच्या वेष्टनाची तार वापरून पाहावी.

डाग देताना आणि प्लग लावताना

वायरिंग बदलताना सोल्डरचा डाग द्यावा लागतो. नेहमीच्या सोल्डरमध्ये शिसे असते. डाग देण्याच्या तापमानाला शिशाची वाफ फारशी होत नाही. ते शरीरात जाते ते हातावरून तोंडात. काम करताना खाणे-पिणे टाळावे, नंतर हात साबणाने धुवावेत, लहान मुलांना आणि गरोदर स्त्रियांना त्या टेबलापासून दूर ठेवावे. धूर असतो तो राळेचा आणि त्याने दमा उद्भवू किंवा बळावू शकतो. खिडकी उघडी ठेवावी आणि तोंड धुराच्या वर नेऊ नये. दम्याच्या रुग्णाने हे काम कारागिराकडेच द्यावे.

याहून गंभीर मुद्दा अर्थिंगचा. बेसच्या तारा घोडीमार्फत अर्थला जोडलेल्या असतात. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल, तर ती जोडणी शाबूत आहे असे समजावे. पण याचाच अर्थ वादकाचा हात थेट अर्थवर असतो. अशा वेळी मायक्रोफोनच्या जोडणीत दोष असेल आणि त्याला ओठ किंवा दुसरा हात लागला, तर वीज छातीतून जाते. १९७२ मध्ये स्वान्सी येथे कार्यक्रम सुरू असताना स्कॉटिश गिटारवादक लेस हार्वे यांचा मायक्रोफोनला हात लावताच विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थची पिन काढून टाकणे हा उपाय नसून सापळा आहे. गणेशोत्सवाचा मांडव असो वा गच्चीवरचा सराव, ॲम्प्लिफायर आणि ध्वनियंत्रणा एकाच, तपासलेल्या अर्थिंगवर असावी आणि त्यावर ३० मिलीॲम्पिअरला तुटणारा सुरक्षा स्विच असावा. ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहू नये.

कान एकदाच मिळतात

बेसवादकाच्या कानांना दुहेरी धोका असतो. माणसाचा कान खालच्या स्वरांना मंद आहे. बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये ते मोजून दाखवले. ४० हर्ट्झचा स्वर जेमतेम ऐकू येण्यासाठीही सुमारे ५० डेसिबलची पातळी लागते. त्यामुळे वादकाला आपला आवाज कमी वाटतो, तो बटण वाढवतो, मग ड्रमवाला जोर लावतो. आणि बेसवादक बहुधा झांजांच्या शेजारीच उभा असतो.

कामाच्या ठिकाणांसाठी सर्वसाधारण मर्यादा अशी मानतात: ८५ डेसिबल असेल तर दिवसाला आठ तास. त्यावर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला चार तास आणि १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे. जागतिक आरोग्य संघटना हेडफोनसारख्या साधनांसाठी आठवड्याला ८० डेसिबल, ४० तास ही मर्यादा सुचवते. बंद खोलीतला बँडचा सराव १०० डेसिबल सहज ओलांडतो.

आतल्या कानात सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात. त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. नुकसान पहिल्यांदा ४,००० हर्ट्झच्या आसपास दिसते, जिथे बोलण्यातली व्यंजने स्पष्ट होतात. म्हणून सुरुवातीला 'आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत' अशी तक्रार असते. सरावानंतर कान बधिर वाटणे किंवा 'कुंईऽऽ' असा नाद येणे ही थकव्याची नव्हे, इजेची खूण आहे. अचानक एका कानाने ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. उशीर झाला तर उपचारांचा उपयोग घटतो.

उपाय अवघड नाहीत. ॲम्प्लिफायर जमिनीवर असला, तर स्पष्टता देणारे मधले स्वरांश पोटऱ्यांना लागतात, कानाला नाही. तो खुर्चीवर ठेवावा किंवा वर कलता करावा आणि भिंतीजवळ ठेवावा, म्हणजे खर्ज आपोआप भरतो. आवाज वाढवण्याआधी मधल्या स्वरांचे बटण थोडे वाढवावे. कापसाचे बोळे निरुपयोगी असतात. सर्व स्वर सारखे कमी करणारे वादकांचे इअरप्लग वापरावेत. नियमित वाजवणाऱ्याने वर्षातून एकदा श्रवणचाचणी करून घ्यावी. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत ही सोय असते.

गिटार घेताना हिशेबाची वही अशी मांडावी: साधी पण सरळ मानेची गिटार, नीट सेटअप, चपट्या तारांचा एक संच, स्पंजची पट्टी आणि चांगल्या इअरप्लगची जोडी. नवा पिकअप, नवी बटणे, नामवंत शिक्का यांचा विचार वर्षभर वाजवल्यानंतर करावा. पिकअप कधीही बदलता येतो, गिटार विकून दुसरी घेता येते. तिचा सूर ऐकणाऱ्या कानांना मात्र सुटे भाग मिळत नाहीत.